डाव्या हाताचं अक्षर

माझ्या डाव्या हाताला शाळेत दोन वर्षं ‘एक्सलंट’ मिळत होतं. उजव्याला जन्मात कधी मिळालं नव्हतं.

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो. सातवा मजला, लिफ्ट, खाली मोहरीची शेतं आणि त्यात उभ्या क्रेन. निम्म्या फ्लॅटना अजून कुलपंच होती. माझी थोरली मुलगी तोवर दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. तिथे वर्ग झाडायच्या पाळ्या असत, आणि गृहपाठ चुकला तर ज्याचा त्याने निस्तरायचा. नव्या इंग्रजी शाळेत सुट्टीचे प्रोजेक्ट आयाच करत. शेजारीण हसत म्हणाली होती, इथे मम्म्याच पास होतात. मी हसायला हवं होतं. मी घाबरले. मुलगी मागे पडेल, या भीतीने मला तेव्हा जेवण जात नसे.

मग काय, मी कात्री उचलली. अक्षर मुलीचं वाटावं म्हणून डाव्या हाताने लिहायचे. केवढी अक्कल! मुलगी शेजारी बसून तिळाची गजक खायची आणि मागेन तेव्हा डिंक द्यायची. सातवीच्या थंडीच्या सुट्टीत मी तीन फुटी पुठ्ठ्याचा थर्मामीटर केला. लाल रिबन ओढली की पारा चढायचा. पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या तिला, ताठ मान माझी.

थंडी सरताना एक दिवस, मुदत वाढवत ठेवलेल्या जुन्या क्वार्टरच्या किल्ल्या परत करायला दिल्लीला जाणं भाग होतं. नवरा टूरवर. चार वर्षांची धाकटी सकाळी जराशी कोमट लागत होती. थोरलीला सुट्टी होती, तिला म्हटलं, दोन तासांत येते. परतताना धौला कुआँच्या स्टॉपवर बसच नाही. संप. बूथवरून घरी फोन लावला.

“आई, छोटी खूप तापलीय. बोलत नाहीये.”

“ताप किती आहे?”

रिसीव्हर ठेवून ती थर्मामीटर आणायला गेली. मग ती म्हणाली, “यात लाल रिबन दिसत नाहीये.”

मी बूथची काच धरून उभी राहिले. थर्मामीटर झटकायचा, काखेत धरायचा, मग हळूहळू फिरवायचा, चंदेरी रेघ दिसेल, असं सांगत गेले. मागचा माणूस वैतागून म्हणाला, “बहनजी, ट्यूशन घर जाके पढ़ाना।” आकडा कळायच्या आत फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना.

शेवटी एका जीपमध्ये कोंबून घेतलं. त्या धुळीच्या रस्त्यावर मला काय काय दिसलं! काच फुटलीय, पारा धाकटीच्या तोंडात गेलाय, थोरलीने औषधाची अख्खी बाटली पाजलीय. देवाला नवस बोलायचे तर तेही अर्धेच आठवत होते. सोसायटीत पोचले तर वीज गेलेली, लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर माझे पाय थांबले. दम लागला म्हणून नव्हे. वर काय असेल ते बघायचंच नव्हतं.

थोरलीने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. धाकटी कपाळावर ओली पट्टी घेऊन झोपली होती. मी आधी तिच्या नाकाखाली हात धरला. मग वही दिसली. चार वाजता एकशे तीन. साडेचारला एकशे दोन. पाचला एकशे एक आणि दोन रेघा. सगळ्यात वर अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं.

“हे कोणाचं?”

“माझं. बरोबर बघतेय का ते कळायला आधी स्वतःचा बघितला.”

औषध दिलं नव्हतं. बाटलीवर चमचा लिहिला होता, पण केवढा ते नव्हतं, म्हणून तिने पट्ट्याच ठेवल्या. हे तिला कोणी शिकवलं होतं? मी तर नाहीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने सांगून टाकलं, आई, तू हात लावायचा नाहीस. रोज तीनदा बाल्कनीतलं तापमान मोजून तिने वही भरली. अक्षर तिरकं, मोठं, गिचमिड. मी आंबे खात बसले.

शाळा उघडल्यावर पालकांच्या भेटीला बाईंनी ती वही माझ्यापुढे सरकवली. “मैडम, ये किसी और से करवाया है। इसकी हैंडराइटिंग ही नहीं है। ज़ीरो देना पड़ेगा।”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मागे सोसायटीतल्या चार आया रांगेत उभ्या होत्या. तोंड उघडलं तर दोन वर्षांची बक्षिसं जातील, कदाचित मुलीचं नावही शाळेतून कमी होईल. नाही उघडलं, तर या शाळेत पहिल्यांदा जे हिने स्वतः केलं, तेच चोरीचं ठरणार होतं. जिन्यावरही मी एवढी घाबरले नव्हते.

बाईंकडे पेन मागितलं. त्यांनी पुढे केलं, ते मी डाव्या हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर मुलीचं नाव लिहिलं. हुबेहूब ‘एक्सलंट’ अक्षरात.