मामाचा बॅटरीवाला डोंगा

मामा आज सकाळी गेला.

त्याच्यावर संशय घेणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच लिहितो, नाहीतर पुढं हिंमत होणार नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नवेगाव बांधच्या तलावात मासे धरायचा. तरुणपणी मजुरीला कोकणात गेला आणि डोंग्याला शीड लावायचं शिकून आला. आमच्या तलावावर शीडवाला डोंगा त्याचा एकट्याचा.

वारा पडला की डिझेल इंजिन. शेतातल्या पंपाचं. आवाज असा, की मामी चुलीजवळूनच सांगायची, "आले तुह्ये मामा."

त्या धुरानं त्याचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, इंजिन सोडा नाहीतर तलाव सोडा.

माझं गोंदियात मोटर वाइंडिंगचं दुकान. शहरात ई-रिक्षा नव्यानंच फिरू लागल्या होत्या. मी म्हटलं, रिक्षाची मोटर बसवू, पाण्यातला पंखा तोच ठेवू.

"पाण्यात करंट उतरला तं?"

"नाही उतरत, मामा."

"तू लावून देशील तं लाव. दुसऱ्याच्या हातचं मले नोको."

दोन रविवार लागले. इंजिन काढलं, मोटर बसवली, बॅटऱ्या फळीखाली. पहिल्यांदा स्विच लावला आणि डोंगा गुपचूप सरकला. मामा मागं वळून पाण्याकडं बघत राहिला.

"चालू हाय का रे?"

मी निघताना म्हणाला, "उरलेली वायर राहू दे."

"कायले?"

"राहू दे ना बाप्पा."

तेवढंच. पण ते माझ्या डोक्यात बसलं. पाण्यात करंट सोडून मासोळ्या मारणारे असतात, हे मी ऐकून होतो.

पंधरा दिवसांनी मामीचा फोन. मामाच्या घाटाजवळ मेलेल्या मासोळ्या तरंगल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा सारे मासेमार काठावर जमलेले. सगळ्यांत जास्त बोलत होता सोमा, मामाचा जाळ्यावरचा जुना जोडीदार.

"बॅटरी याच्या डोंग्यात, मासोळ्या याच्याच घाटावर. अजून कोणतं प्रूफ पाह्यजे? याचं मासे धरणं बंद करा!"

करंट तपासायला मी मीटर काढलं. सोमा हसला. "भासा मामाच्या विरुद्ध बोलन का?"

मामानं डोंगा खुंट्याला घट्ट बांधला, शर्ट काढला आणि डोंग्याला लागून छातीभर पाण्यात उतरला.

"लाव स्विच."

मी डोंग्यात चढलो. स्विचवर माझं बोट थांबलं.

माझ्या जॉइंटवर माझा भरवसा होता. मामावर नव्हता. ती वायर बॅटरीला लावून पाण्यात सोडलेली असली तर?

मी वाकून फळी उचलली. खाली पाहिलं. सगळ्यांसमोर. मामा पाण्यातून माझ्याकडंच बघत होता.

खाली काही नव्हतं.

स्विच लावला. पंखा फिरला. मामा तसाच उभा. मग म्हणाला, "सोमा, ये. तू बी उतर."

सोमा उतरला नाही.

दुपारी घरी गेलो तर अंगणात दोन झाडांना ती वायर ताणून बांधलेली. तिच्यावर शीड वाळत होतं.

जेवताना मामानं विचारलं, "बोट काऊन थांबलं होतं तुह्यं?"

"जॉइंट पाहून राहिलो होतो."

"बरं," म्हणाला. आणि मामीला म्हणाला, "भाशाले भात वाढ."

निघालो तेव्हा तो माझ्या पाया पडला. आमच्याकडं रीतच आहे, मामा भाच्याच्या पाया पडतो. लहानपणापासून पडत आलाय. त्या दिवशी मात्र मी मागं सरकलो. "उभा राह्य ना," म्हणाला, आणि पडलाच.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या काठालाही मासोळ्या तरंगल्या. मामाचा डोंगा तेव्हा दारात पालथा होता, डांबर लावायला काढलेला. मग लोक गप्प झाले. मासोळ्या कशानं मेल्या, ते अजून कोणाला ठाऊक नाही. माफी कोणी मागितली नाही.

मीही नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्या ताटाला ताट लावून जेवलो, तरी नाही.

मामा, त्या दिवशी मी जॉइंट नव्हतो पाहत.

तुला माहीत होतं.

नीट जा, मामा.