क्लच माझा, गिअर त्याचा

इथले भुतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. पिंपळाखालची बाई, वळणावर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतली बाई... सगळ्या भुतांना बाईच का व्हायचं असतं, हा माझा जुना सवाल. मी शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यातलं लिंबू ओलांडायला मुलं घाबरली, की त्याच लिंबाचं सरबत करून पाजीन अशी धमकी देते. तेव्हा माझ्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. गेल्या दिवाळीपर्यंत मीही हसलेच असते.

आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात, हायवेपासून जरा आत. गावाला मोठा तलाव आहे, माझ्या सासऱ्यांच्या पूर्वजांनी खणलेला, आणि गावातून बाहेर पडायचा रस्ता त्या तलावाच्या पाळीवरूनच, म्हणजे बांधावरूनच, जातो. माझा नवरा सुनील याच गावचा. शेती करायचा, पण जीव गाड्यांत. सगळं गाव ट्रॅक्टर घे म्हणत असताना या माणसाने रायपूरहून एक जुनी टर्बो सेडान आणली. सहा गिअर, मॅन्युअल. ऑटोमॅटिक मिळत होती, ती नको म्हणाला. "ऑटोमॅटिक म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," हे त्याचं म्हणणं.

त्या गाडीचे नखरे काय सांगू! क्लच इतका कडक की पोटरी भरून यायची. इंजिन आधी झोपल्यासारखं चालायचं आणि मग टर्बो जागा झाला की एकदम पाठीत धक्का. रिव्हर्स पहिल्या गिअरच्या अगदी शेजारी, त्यामुळे नवख्याची फजिती ठरलेली. आणि गाडी थंड असली की दुसरा गिअर पडायचाच नाही. सुनील दांडा न्यूट्रलला आणून क्षणभर थांबवायचा, दोन बोटांनी हलकेच टकटक करायचा आणि मग तो लोण्यासारखा आत जायचा. गाडी गरम झाल्यावर याची गरज नसायची, पण सवयीने दर गिअरला तेच करायचा.

मला शिकवायला बसला आणि दुसऱ्याच दिवशी आमचं वाजलं. मी गिअर टाकला की कर्रर्र आवाज, आणि याचा चेहरा असा की जणू त्याचेच दात कुणी खरवडले. शेवटी तह झाला. "तू क्लच दाब, गिअर मी टाकतो. तू फक्त रस्त्याकडे पाहा." तो डाव्या सीटवर बसायचा, उजवा हात गिअरवर. मी क्लच दाबला की गिअर पडलेला असायचा. तात्पुरता म्हणून केलेला हा तह पुढे कायमचाच झाला. गावातले लोक म्हणायचे, "मास्तरीनबाई अर्धी गाडी चालवते." खरंच होतं ते. कितीतरी वेळा आम्ही भांडून, तोंडं फिरवून, एकमेकांशी एक शब्द न बोलता गोंदियापर्यंत गेलो आहोत, पण क्लच आणि गिअर कधी चुकले नाहीत. उरलेली अर्धी गाडी मी शिकलेच नाही. गरज काय होती? माझ्याकडे स्कूटी होती आणि गिअर टाकायला नवरा होता.

मग एका पावसाळ्यात सुनीलला ताप आला, तो डोक्यात गेला आणि बघता बघता सगळं संपलं. घरात मी आणि सासरे, दोघंच उरलो. गाडी विकायचा विषय काढला तर बाबा उठून बाहेर जायचे. दर रविवारी मी ती शेडमध्येच न्यूट्रलला चालू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून. बाबा बाजेवर बसून तो आवाज ऐकायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, त्यामुळे आमचं गाव दुपारीच रिकामं. आमच्याकडे मंडईच्या दिवशी कुणी घरी थांबत नाही. म्हातारीकोतारी तेवढी उरतात. मी वह्या तपासत होते, तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. छाती धरून बसले होते, बनियन घामाने ओलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला तास तरी लागणार. ज्याला ज्याला गाडी येते त्याला फोन केला. मंडईच्या भोंग्यांत कुणाला ऐकू जाणार? शेवटी शेजारच्या म्हातारीच्या मदतीने बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं. मनात म्हटलं, पहिला गिअर कसाबसा टाकीन आणि रडतरखडत, गाडीची वाट लागली तरी चालेल, पहिल्यावरच हायवेपर्यंत नेईन. तिथे कुणीतरी भेटेल.

क्लच दाबला. चावी फिरवली. डावा हात गिअरकडे नेला...

हात पोचायच्या आत दांडा डावीकडे झुकून पुढे सरकला. पहिला गिअर पडला होता.

मी हात मागे घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला. क्लच सोडला, गाडी निघाली. शेड सपाट जमिनीवर आहे, उताराचं कारण आधीच खोडून टाकते. पाळीवर चढताना इंजिन ओरडायला लागलं, पायाने आपोआप क्लच दाबला. दांडा न्यूट्रलला आला. क्षणभर थांबला. टक, टक. आणि दुसऱ्यात गेला.

मी डावीकडे पाहिलं नाही. एक तर रस्त्याकडे पाहायची सवय. आणि दुसरं, खरं सांगायचं तर — तिथे कुणी दिसलं असतं तरी मी मेले असते, आणि कुणी दिसलं नसतं तरीही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिसरा. चौथा. हायवे आला, कोहमाऱ्याचा चौक आला, गाडी गोरेगावच्या रस्त्याला लागली. मी नुसता क्लच दाबत होते.

जंगलाच्या पट्ट्यात मागून बाबांचा आवाज आला. इतका वेळ ते कण्हत होते, आता आवाज स्वच्छ होता.

"सुन्या... मले न्याले आला का बे?"

तोपर्यंत मला एकच वाटत होतं, की तो मला मदत करायला आला आहे. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"चाल मंग," बाबा म्हणाले. "कटाळलो मी." असं म्हणाले जसं कुणी बाजाराला निघतं.

समोर गतिरोधक होता. मी ब्रेक लावला, क्लच दाबला. दांडा न्यूट्रलला आला आणि तिथेच राहिला. मी क्लच सोडून पुन्हा दाबला. काहीच नाही. गतिरोधक ओलांडून गाडी नुसती घरंगळत होती, वेग कमी होत होता. दोन्ही बाजूंना झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागे बाबांचा श्वासही ऐकू येईना. हे आमच्या दोघांचं काम नव्हतं आता. त्या बापलेकांचं काहीतरी चाललं होतं आणि मी मध्ये नव्हतेच.

मग मात्र माझं डोकं फिरलं. आयुष्यात नवऱ्यावर ओरडले नसेन एवढी ओरडले.

"सुनील, बाबाले नाई न्यायचं! सांगून राहिली मी तुले! तू गेला, मले इचारून गेला का? आता बाबाले बी नेशील, तं मी त्या घरात कोनासंग राहू? टाक गिअर! टाक म्हनते ना!"

गाडी जवळजवळ थांबली होती.

टक, टक.

दुसरा पडला. टर्बोने पाठीत असा धक्का दिला की माझं डोकं सीटवर आपटलं. त्यानंतर गोंदियापर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त कण्हत होते, आणि ते कण्हणं मला जगातलं सगळ्यात गोड वाटत होतं.

ऑपरेशन झालं आणि बाबा वाचले. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

स्पष्टीकरणं मी खूप शोधली, कुणी सुचवायची गरज नाही. गोंदियातल्या मेकॅनिकला गाडी दाखवली, म्हटलं दांडा आपोआप हलतो. त्याने सगळं खोलून पाहिलं. "झिजला असेल तर गिअरमधून सुटून न्यूट्रलला येऊ शकतो, मॅडम. पण आपोआप गिअरमध्ये जाणं? वो तो हाथ से ही जाएगा." हात माझाच असेल आणि घाबरलेल्या डोक्याने तो माझ्यापासून लपवला असेल, असंही मी स्वतःला समजावून पाहिलं. मग रीतसर ड्रायव्हिंग क्लास लावला, आणि थंड गाडीत तो दुसरा गिअर टाकायला मला कितीतरी आठवडे लागले. त्या दुपारी तो मी टाकला असणं शक्य नाही. मग कुणी टाकला?

बाबांना त्यातलं काही आठवतं का, हे मी कधी विचारलं नाही. ऑपरेशननंतर ते थोडे लहान मुलासारखे झाले होते, उगाच कशाला खाजवायचं?

मागच्या महिन्यात त्यांना तपासणीला न्यायचं होतं. पहिल्यांदाच मी एकटी, पूर्ण गाडी चालवणार होते. पुढचं दार उघडून धरलं, तर बाबा गुपचूप मागे जाऊन बसले. पहिला गिअर मी टाकला. पाळीवर आलो, क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणला आणि दुसऱ्याआधी टकटक करायला हात उचलला.

"थांब सूनबाई," मागून बाबा हळूच म्हणाले. "त्याले टाकू दे."

माझा हात हवेतच राहिला. मी क्लच दाबून थांबले. गाडी हळू होत गेली, आणखी हळू, आणि पाळीच्या मधोमध थांबली. तलावावर बदकं होती. आम्ही दोघंही त्या दांड्याकडे पाहत होतो. बराच वेळ.

"नाई टाकत?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

आरशात पाहिलं तर ते दुपट्ट्याने डोळे पुसत होते. मग म्हणाले, "टाक मंग तूच."

मी पहिला गिअर टाकला.