जिन्यातला दिवा आणि बायजाबाईचा मुक्काम

रुपरावानं दुरुस्त केलेली वस्तू चालायची, नाही असं नाही. पण तिची काहीतरी अट असायची. रेडिओ डोक्यावर टपली खाल्ल्याशिवाय तोंड उघडत नसे. पंख्याला आधी काठीनं ढकलावं लागे, मग तो आपल्या मनानं फिरे. न्हाणीतला नळ वर उचलून धरला तरच बंद व्हायचा. घरच्यांना हे सगळं पाठ होतं. पाहुण्यांना मात्र शिकवावं लागे.

रुपराव गिरणीत कामाला होता आणि घरात मिस्त्री बोलावणं त्याला कमीपणाचं वाटे. "मिस्त्रीले दोन हात हायत, तं मले का चार पाय हायत?" हे त्याचं ठरलेलं बोलणं. बायको जयवंता ते ऐकत ऐकत काठी घेऊन पंखा ढकलायची.

चौऱ्याहत्तर साली इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरावर माडीची एक खोली चढली. जिना आतून होता आणि भरदुपारीही अंधारा. म्हणून त्या एकदाच, खोली बांधणाऱ्याच्या आग्रहानं, मिस्त्री आला आणि त्यानं जिन्यात टू-वे बटनाचा दिवा बसवून दिला. खालचं बटन दाबून वर चढायचं, वर पोचलं की वरच्या बटनानं विझवायचा. ही गंमत बघायला शेजारीपाजारीही येऊन गेले. रुपराव त्यांना आठ-आठ वेळा जिना चढवून दाखवायचा, जणू दिवा त्यानंच शोधून काढला होता.

मग दसरा जवळ आला. दीक्षाभूमीला येणारे गावाकडचे पाहुणे दरवर्षी घरात उतरायचे, त्यामुळे आधी भिंतींची पोताई ही व्हायलाच हवी. चुना रुपराव स्वतःच मारायचा. वरच्या बटनाला त्यानं कागद गुंडाळला. खालच्याला मात्र आत चुना जाऊ नये म्हणून त्यानं भिंतीवरून काढूनच ठेवलं. भिंतीतून तीन तारा लोंबत होत्या, त्यांच्यावरूनही कुंचला फिरला. वाळल्यावर तिन्ही तारा एकाच पांढऱ्या रंगाच्या! रुपरावानं अंदाजपंचे जोडल्या. दिवा लागला.

"लागला ना? मंग झालं तं!"

पण झालं नव्हतं. आता खालचं बटन खाली दाबलेलं असेल तरच वरच्या बटनाचं चालायचं. खालचं कोणी वर केलं, की वरचं कितीही दाबा, अंधार. आणि वरच्यानं दिवा विझवलेला असला तर खाली उभं राहून काही उपयोग नाही. रुपरावानं दोष मिस्त्रीला दिला, "डुप्लिकेट बटन मारलं लेकाच्यानं!" आणि खालच्या बटनावर चिकटपट्टी लावून टाकली. खालच्याला हात लावायचा नाही, ही त्या दिव्याची अट. वर जायचं असेल तर खालून ओरडायचं, "वरचं बटन दाबा हो!"

त्याच दसऱ्याला जयवंताची आई बायजाबाई आली. पारशिवनीजवळच्या खेड्यात ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, नजर मंदावलेली, पण स्वतःची चूल स्वतःच पेटवणारी बाई. संध्याकाळी ती शाल आणायला माडीवर निघाली. दोनदा हाक मारली. वर कोणी नव्हतं. चाचपडत चढली आणि मधल्याच पायरीवर पाय चुकला. लागलं काही नाही, पण खाली उतरायचीही हिंमत होईना. जयवंताला दिसेपर्यंत ती तशीच अंधारात बसून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "तुझं घर चांगलं हाय, पोरी," एसटी यायच्या आधी ती म्हणाली, "पण इथं दिवा लावाले बी माणसाले हाका माराव्या लागतात. मी माह्या घरी बरी." जयवंताला रडू आवरेना.

पुढच्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी जयवंतानं नवऱ्याला समोर बसवलं.

"यंदा आईले ठेवूनच घ्याचं हाय. तिले आता धड दिसत नाही, एकटी कशी राहीन? उद्या येऊन राहिली ते. हा दिवा आजच्या आज नीट करा, नाही तं मी मिस्त्री बोलावीन."

रुपरावाला ते वर्मी लागलं. फ्यूज काढून त्यानं खिशात घातला आणि कामाला लागला. बल्ब बदलला. तेच. सीताबर्डीच्या बाजारातून खालचं नवं बटन आणून लावलं. तेच.

"हे बी डुप्लिकेट!"

"सगळी सीताबर्डी डुप्लिकेट हाय का जी?" जयवंता म्हणाली.

फ्यूज पुन्हा खिशात गेला. बटन उघडून रुपराव पायरीवर डोकं धरून बसला. जयवंताला त्या तारांवरचे चुन्याचे पोपडे काही बघवेनात. "आधी हे घाण तं पुसू द्या," म्हणत तिनं कोरड्या फडक्यानं तारा घासायला घेतल्या. चुना झडला आणि एक तार लाल निघाली. बाकी दोन काळ्या.

रुपराव ताडकन उठला. धावत वर गेला, मिस्त्रीनं जोडलेलं वरचं बटन उघडलं. तिथं लाल तार एका बाजूला एकटी होती आणि दोन काळ्या दुसऱ्या बाजूला जोडीनं. खाली येऊन पाहतो तर लाल एका काळीशेजारी जोडीत बसलेली आणि दुसरी काळी एकटी. त्यानं लाल तार आणि ती एकटी काळी यांच्या जागा बदलल्या, फ्यूज लावला. जयवंता वर, तो खाली. खालून लावला, वरून विझला. वरून लावला, खालून विझला.

"वर्षभर त्या मिस्त्रीले शिव्या देऊन राहिलो मी," रुपराव हळूच म्हणाला.

"मंग आता काय म्हणता?"

"काय म्हणू? पोताईवाल्याची चूक हाय."

"आन् पोताई कोणं केली होती?"

रुपराव भिंतीवर उरलेली चिकटपट्टी खरवडू लागला. जयवंता हसत हसत पायरीवरच बसली.

बायजाबाई आली. जयभीम झाला, चहा झाला. संध्याकाळी सगळे अंगणात बसले असताना ती उठली. "माही शाल वर राह्यली." रुपराव समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच जयवंतानं त्याचा हात दाबला. म्हातारी आत गेली. भिंत चाचपली, बटनावर चिकटपट्टी हाताला लागली नाही. खट्! जिना उजळला. तिची पावलं सावकाश वर गेली. वरून खट् झालं, दिवा विझला.

जयवंतानं रुपरावाचा हात सोडला. एवढ्यात दिवा पुन्हा लागला. विझला. पुन्हा लागला.

"बिघडला वाट्टे!" रुपराव पक्कड घेऊन उठलाच.

"बसा गपचूप," जयवंता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आई खेळून राहिली."

दसरा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. जयवंता मनातून धास्तावलेलीच होती. आईच्या पिशवीकडे तिचं सारखं लक्ष जाई. बायजाबाई मात्र खोलीत उभी राहून वर बघत होती. हातात काठी होती.

"जवाईबापू," तिनं हाक मारली, "आता या पंख्याचं बी पाहा. रोज रोज काठी कोण मारीन? मले इथंच राहा लागते."