मीनाचं डिप आणि लताच्या गळ्यातली बाई

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साचतात. एक काढायला जावं तर मागचे दोन अंगावर पडतात. आमचा ग्रुप वाशिमजवळच्या मालेगावच्या एका कॉलनीतला. महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, काहीतरी नवीन करून खायचं आणि गप्पा हाणायच्या, एवढाच कार्यक्रम. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे गावातलं निम्मं बोलणं माझ्या मशीनवरून जातं. पण हे किस्से मी दुकानात कधी सांगत नाही. एकदा सांगायला घेतले, तर एक गिऱ्हाईक माप न देताच निघून गेली!

आमच्यात शोभाताई सगळ्यात मोठ्या. प्रतिभा मॅडम हायस्कुलात विज्ञान शिकवतात, आणि विहारातली वंदना आटोपून येतात म्हणून नेहमी उशिरा पोचतात. आणि मीना. हे सगळे किस्से मीनाच्या डिपचे आहेत.

*

डिप जन्माला आलं ते एसटीमुळे. मीना वाशिमहून पिझ्झ्याचे बेस घेऊन आली, आणि ती पिशवी गाडीतच राहिली. गाडी गेली पुढे अकोल्याला. घरी सॉस तयार, चीज किसलेलं, आम्ही सगळ्या हात धुऊन बसलेल्या!

शोभाताई म्हणाल्या, "आता काय वं, नुसतं चीज चाटाचं का?"

मीना म्हणाली, "बेस गेला तं जाऊ द्या. वरचं तं हाये नं!"

घरात कपड्यात बांधलेला चक्का होता. त्यात तिनं लसूण ठेचून घातला, चीजचे क्यूब किसले आणि ते केकच्या चौकोनी भांड्यात तळाला पसरलं. त्यावर टोमॅटोचा सॉस, वरून मका, कांदा, सिमला मिरची आणि मोझरेलाचा जाड थर. ओव्हनमध्ये ठेवलं. वरचं चीज बुडबुडे येऊन तांबूस झालं की काढायचं आणि बटरमध्ये भाजलेला पाव त्यात बुडवून खायचं. इतकं सोपं आणि इतकं चविष्ट काही मी आजवर खाल्लेलं नाही. शोभाताईंनी त्याचं नाव ठेवलं 'पिझ्झ्याचं पिठलं', आणि पुढच्या वेळी भाकरी घेऊन आल्या.

मीनाचा एकच नियम होता. भांडं बाहेर आलं की डाव्या कोपऱ्यात पहिला पाव तिचा. "पयला घास माया! काही झालं तं मले होऊ द्या," असं म्हणायची आणि आम्ही हसायचो.

मग ती गेली. ताप आला, अकोल्याला नेलं, आणि ताप काही उतरला नाही. पाठीमागे नवरा विलासभाऊ आणि लहानगी लेक ईश्वरी.

*

बरेच महिने आमचे रविवार बंद होते. मग शोभाताईंनीच धीर केला. त्यांच्या घरी, त्यांच्या ओव्हनमध्ये मीनाचं डिप केलं. आम्ही तिघी समोर स्टुलावर बसून होतो, कुणी उठलं नाही, कुणी हात लावला नाही. चीज तांबूस झालं, शोभाताईंनी दार उघडलं आणि तशाच थांबल्या.

डाव्या कोपऱ्यात चीज उकरलेलं होतं. पाव बुडवून उचलावा तसं.

प्रतिभा मॅडमनी चष्मा पुसून पाहिलं. "वाफ वो. चीजखाली हवा राह्यली की फुगते, मंग फुटते. खड्डा पडते."

"डाव्याच कोपऱ्यात काहून फुटली?" मी विचारलं.

"कुठंतरी तं फुटंनच नं!"

पटलं. विज्ञान आहे म्हटल्यावर पटवून घ्यावंच लागतं. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मॅडमनी सुद्धा. पण सगळ्यांनी उजवीकडूनच.

*

विलासभाऊंनी दुसरं लग्न केलं. लता, माहेर अनसिंगचं. आम्हाला मनातून राग होता, खोटं कशाला बोलू. मीनाच्या ओट्यावर दुसरी उभी राहणार हे मला सहन होत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी ती दारात आली आणि आमचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली.

सवतीचा टाक. पहिली बायको गेलेली असली की दुसरीच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग नेसायचं. घास आधी त्याला दाखवायचा, मग खायचा. आता फार कुणी घालत नाही. लताच्या आईनं घातला होता आणि लतानं तो मनापासून घेतला होता.

"हे काय वं?" शोभाताईंनी मुद्दामच विचारलं.

"बाई हायेत ह्या," लता म्हणाली. जणू ओळख करून देत होती.

चहाचा कप आला, तिनं आधी टाकाला लावला. बिस्कीट आलं, आधी टाकाला. आमची हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

नंतर एकदा आम्ही तिला स्टँडजवळ पाणीपुरी खायला नेलं. गाडीवाल्यानं विचारलं, "ताई, गोड पानी टाकू का?"

"थांबा," लता म्हणाली, "बाईले इचारते."

तिनं टाक मुठीत धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गोड नोको म्हन्ते. नुसतं तिखट द्या."

गाडीवाला हसला. आम्ही हसलो नाही. मीनानं आयुष्यात कधी गोड पाणी घेतलं नव्हतं. ती म्हणायची, गोडच खायचं तर जिलबी नाही का खाणार!

प्रतिभा मॅडम परतताना म्हणाल्या, "विलासनं सांगतलं असंन तिले." असेल. पण विलासभाऊंना बायकोची आवड ठाऊक असणं, हे मला भुतापेक्षा अवघड वाटलं.

*

लताचं दुखणं वेगळंच होतं. ते तिनं एक दिवस माझ्या दुकानात, मशीनशेजारी बसून सांगितलं. ईश्वरी तिच्याशी भांडत नव्हती, रुसत नव्हती, ताट वाढलं की जेवत होती. पण तिला कशानंही हाक मारत नव्हती. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. पाणी हवं असलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "पानी पाह्यजे." वेणी घालायची असली तर आरशाला सांगायची, "येनी घालाची हाये."

"ताई, मले आई नोको म्हनू," लता म्हणाली. "ते जागा बाईची हाये. पन काहीतरी म्हनावं नं वो. आवं म्हनलं तरी चालंन." आणि ती रडायला लागली. माझा सगळा राग त्या दिवशी उतरला. घरातलं लेकरू भिंतीशी बोलतं आणि आपण भिंतीच्या जागी उभं राहून पाणी देतो, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

ईश्वरीचा वाढदिवस जवळ आला होता. तिनं भिंतीला सांगितलं होतं, "वाढदिवसाले आईवालं डिप पाह्यजे."

मीनाचा ओव्हन तिच्याच स्वयंपाकघरात होता, वर फुलाफुलांचं कापड टाकून ठेवलेला. ती गेल्यापासून कुणी लावला नव्हता. आम्ही दुपारी शिकवायला गेलो. कापड काढलं, पुसला, आणि प्लग लावणार तेवढ्यात लाईट गेली. म्हटलं बसू, येईल. चक्का कसा घट्ट हवा, सॉस कसा आटवायचा हे बोलत आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो.

आणि आत ओव्हनची घंटी वाजली. टिंग!

लाईट नाही, प्लग जमिनीवर. शोभाताईंनी माझा हात असा धरला की बांगडी वाढवली!

"स्प्रिंगचा टायमर असते त्याले," प्रतिभा मॅडम म्हणाल्या. "लाईटशी संबंध नाई. पुसताना फिरला असंन, आता सुटला." आवाज मात्र वर्गात असतो तेवढा मोठा नव्हता.

लता उठली, आत गेली, आणि ओव्हनसमोर उभी राहून शांतपणे म्हणाली, "बाई, लाईट आली की ठेवते."

*

लाईट आली आणि आम्ही ठेवलं. सुगंध मीनाच्या वेळचाच सुटला. लता भांडं काढायला वाकली, गळ्यातला टाक पुढे लोंबला आणि तापलेल्या ट्रेला टेकला. ती सरळ झाली तशी तो गरम चांदीचा पत्रा तिच्या गळ्यावर आपटला.

"आई गं!" ती ओरडली. "बाई तापल्या!"

साधं वाक्य होतं. चांदी तापली, म्हणून बाई तापल्या. पण शोभाताईंनी हातात घेतलेला पाव परत खाली ठेवला. मीना तापातच गेली होती, आणि शेवटी शेवटी तिच्या कपाळाला हात लावला की चटका बसायचा, हे आम्ही तिघींनी पाहिलं होतं.

त्या भाजण्याचा डाग पडला. मी ब्लाऊजचं माप घेताना पाहिला. टाकावरच्या बाईचे पाय जुळलेले आहेत आणि हात खाली आहेत. डागात एक हात वर होता.

"कातडी आखडते वो भाजल्यावर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः मात्र तो डाग पाहिला नाही. दाखवते म्हटलं तर म्हणाल्या, कायले?

त्याच डिपमध्ये बोट बुडवून ईश्वरीनं चाटलं होतं. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं हाये. पन आईनं केल्यावानी नाई." लता रात्रभर झोपली नसेल.

*

वाढदिवसाला आम्ही दुपारीच गेलो. विलासभाऊ स्टँडवर केक आणायला गेले होते. कॉलनीतली पोरं अजून यायची होती. लतानं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. या वेळी प्रतिभा मॅडमनी तिला दटावलं, "ते गयातलं काढ आधी. पुन्ना भाजशीन." लता घाबरली. लग्न झाल्यापासून तिनं तो काढला नव्हता. मग तिनं दोरा सोडला आणि टाक ईश्वरीच्या हातात दिला. "बेटा, बाईले धर जरासं."

ईश्वरीनं काही न बोलता मूठ मिटली आणि अंगणाच्या पायरीवर जाऊन बसली.

चीजला वेळ होता म्हणून आम्ही सगळ्या अंगणात फुगे बांधायला आलो. लता माझ्या शेजारी दोरी धरून होती. शोभाताई स्टुलावर चढलेल्या, मॅडमनी स्टूल धरलेलं. घरात कुणी नव्हतं. त्या स्वयंपाकघराला मागचं दार नाही, जायचं यायचं ते आमच्या समोरूनच.

आतून चीज भाजल्याचा वास बाहेर आला. ईश्वरीनं मान वळवली आणि घरात हाक मारली, "आई, झालं का?"

लताच्या हातातली दोरी सुटली. तिचा चेहरा मी पाहत होते. इतके महिने जिची वाट पाहिली ती हाक एकदम कानावर पडल्यासारखे तिचे डोळे भरून आले. ओ द्यायला तिनं तोंड उघडलं.

त्याआधी आतून उत्तर आलं. "झालं वं, आलीच."

शोभाताई स्टुलावरून कशा उतरल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. मी लताचा दंड घट्ट धरला. ती माझ्याजवळच होती, हे मला हातानं चाचपून पाहावं लागलं. आम्ही दोघींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम ताठ मानेनं आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "ओव्हनचं बटन कोनं बंद केलं?" एवढंच त्यांनी विचारलं. कुणीच केलं नव्हतं.

घाबरली नव्हती ती फक्त ईश्वरी. तिनं मूठ उघडून टाकाकडे पाहिलं, मग मान वर केली आणि लताकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, लताकडे.

"ते आई हाये," ती म्हणाली. "तुले माय म्हनू का?"

हो म्हणायला लताचे ओठ हलत होते, पण नजर स्वयंपाकघराच्या दारावरच होती. फुगे एकमेकांवर घासत होते, बाकी अंगणात आवाज नव्हता.

आतून, हातातलं काम न सोडता बोलावं तसं, कुणीतरी म्हणालं, "म्हन वं."