व्यंकटरावांच्या गाडीला पिकअप नाही

एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर घरी बसला की बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसू लागतो, असा आमच्याकडचा अनुभव आहे. मुखेडजवळच्या खेड्यातल्या व्यंकटरावांनी मात्र पार्वतीबाईंवर ही वेळ येऊ दिली नाही. त्यांनी गाडी चालवायचं थांबवलंच नाही. लाल गाडी गेली आणि तिच्या जागी पांढरी आली, एवढाच काय तो फरक पडला.

ही पांढरी गाडी लेकीनं घेऊन दिलेली. विशाखा नांदेडला नर्स आहे. स्वतःच्या कमाईतून तिनं बापासाठी सात सीटची डिझेल गाडी घेतली आणि शोरूमच्या दारात किल्ली हातात देताना एकच अट घातली, "बाबा, पाच वर्षं वॉरंटी हाय. तवर इंजिनाला बाहेरच्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई. काय बी झालं तर हितंच आणायची." व्यंकटरावांना भरून आलं होतं. त्यांनी नुसती मान हलवून "हाव" म्हटलं. पण व्यंकटरावांचा हाव म्हणजे हाव, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

माणूस सरळ, पण त्याच्या मनात एक इच्छा वर्षानुवर्षं दबून राहिली होती. एसटीच्या गाडीला स्पीड लॉक असतं. ॲक्सिलरेटर पार फळीला टेकवला तरी गाडी ठरल्या वेगाच्या पुढं जात नाही. त्यामुळं नोकरीभर जो तो व्यंकटरावांना मागं टाकून गेला. ट्रॅव्हल्स गेल्या, जीपा गेल्या, नव्या मोटारसायकलवरची कालची पोरं कट मारून गेली. आपणही एकदा कुणाला तरी मागं टाकावं, एवढंच त्यांना वाटायचं. पण हाय रे दैवा, पांढरी गाडीही लाल गाडीचीच धाकटी बहीण निघाली. सपाटीला बरी पळायची. पण लातूरच्या वाटेवर बालाघाटाचा जो चढ आहे, तिथं ती अशी कण्हायला लागायची की व्यंकटरावांना पहिल्या गिअरवर यावं लागायचं.

तरी हे सगळं त्यांनी गोड मानून घेतलं असतं. आड आले ते व्याही. ग्यानोबाराव म्हणजे सून मनिषाचे वडील. कंधारला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, अंगणात काळी, उंच, लांबलचक गाडी आहे आणि तोंडात जीभ आहे ती त्याहून लांब. त्यांच्या मुलाचा, धम्मदीपचा साखरपुडा लातूरला झाला, तेव्हा व्यंकटरावांची गाडी पोचली ती शेवटची पंगत बसताना. ग्यानोबारावांच्या हातात नेमका माईक होता. "मंडळी, आमच्या व्याह्याच्या गाडीला वाट द्या," ते गरजले, "पिकअप न्हाई बिचारीला, पाच माणसं लावून ढकलत आणली हाय!" सगळा मांडव हसला. व्याह्यानं व्याह्याची चेष्टा करायची नाही तर कुणी करायची? व्यंकटरावही हसले. पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. जेवणही उतरलं नाही, आणि त्या दिवशी जिलबी होती.

लग्न महिन्यावर आलं होतं. वऱ्हाड कंधारहून निघणार, त्याच रस्त्यानं, त्याच चढावरून. व्यंकटरावांनी मनाशी पक्कं केलं, यावेळी शेवटचं पोचायचं नाही. अशात त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. लातूरचा उमाशंकर नावाचा तरुण गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला हिशोबच बदलून टाकायचा. पुर्जा बदलायचा नाही, काही खोलायचं नाही, आणि पिकअप सव्वापट. व्यंकटरावांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की पार्वतीबाईंना वाटलं, नवऱ्याला म्हातारपणी सिनेमाचा नाद लागला.

आणि एके सकाळी ते निघाले. "गाडी धुऊन आणतो," म्हणाले.

"कुठून?"

"लातूरहून."

"अगं बया! मुखेडचं पाणी आटलं का काय?" पार्वतीबाईंनी विचारलं. पण तोवर गाडी वळणावर गेली होती.

गुपचूप निघायचं त्यांच्या नशिबात नव्हतं. वेशीत भावकीतल्या भीमाकाकू पिशवी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी हात केला आणि व्यंकटरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. जन्माची सवय ती. पुढच्या फाट्यावर दोघं चढले, त्याच्या पुढच्या फाट्यावर तिघं, आणि एकानं तुरीचं पोतं मागं टाकलं. चढावर गाडी नेहमीसारखी कण्हली. "पाव्हणं, उतरून ढकलू का?" मागून कुणीतरी विचारलं आणि गाडीभर हशा झाला. व्यंकटराव मनात म्हणाले, हसा, आज हसून घ्या.

लातुरात सगळे उतरले आणि ते गल्लीबोळ काढत उमाशंकरच्या दुकानी पोचले. पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, "काका, आधी गाडी जशी हाय तशी चालवून बघू. मंग काय वाढवायचं ते ठरवू." दोघंच बसले आणि रिंगरोडला लागले. रस्ता मोकळा होता. "दाबा काका," उमाशंकर म्हणाला. "आजून दाबा की. भिऊन राहिले काय?"

व्यंकटरावांनी दाबलं. गाडी अशी सुटली की त्यांची पाठ सीटला चिकटली. एक ट्रक मागं गेला. एक टेम्पो गेला. आणि पुढं दिसली लाल एसटी. व्यंकटरावांनी इंडिकेटर दिला, हॉर्न दिला आणि हां हां म्हणता तिच्या शेजारून पुढं निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एसटी मागं टाकली! असा आनंद झाला की त्यांनी तोंडानं शिट्टीच वाजवली. नात्यागोत्यातल्या कुणी ती ऐकली असती तर खरं वाटलं नसतं.

"काय जादू हाय रे पोरा तुझी!" ते म्हणाले. "कवा जोडलास लॅपटॉप?"

"लॅपटॉप दुकानात हाय की काका. म्या कुठं काय केलंय आजून?"

व्यंकटरावांनी गाडी कडेला घेतली. आधी आरशात पाहिलं, मग मान वळवून मागच्या सीटा पाहिल्या. मागं कुणीच नव्हतं. मांडीवर पोर नाही, पायात पोतं नाही, खिडकीतून पिंक टाकणारे आबा नाहीत. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी आल्यापासून आपण ती मोकळ्या रस्त्यावर एकदाही रिकामी चालवलेली नाही. एकदाही नाही! शोरूममधून आणली त्या दिवशीसुद्धा पेढे वाटायला सगळी आळी आत बसली होती. गाडीला पिकअप होता, पण त्याला कधी वाटच मिळाली नव्हती. व्यंकटराव स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. उमाशंकरला वाटलं, काकांना काही झालं की काय.

पण धंदेवाला माणूस एवढ्यावर गिऱ्हाईक सोडत नाही. दुकानात आल्यावर त्यानं चहा मागवला आणि लॅपटॉप उघडला. "काका, ही रिकामी पळते ना? मी केलं तर भरली बी अशीच पळंल. चढ खेळत चढंल."

आता खरी पंचाईत झाली. भरली गाडी, चढ आणि मागं पडलेले ग्यानोबाराव. व्यंकटरावांच्या डोळ्यांपुढं हे चित्र असं उभं राहिलं की त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

"अन् वॉरंटी?"

"शोरूमला न्यायच्या आधी माझ्याकडं या. जुनं परत टाकून देतो. बहुतेक कळत न्हाई त्यांना."

"अन् कळलं तर?"

"कळलं तर मंग वॉरंटी गेली. खोटं कशाला बोलू?"

व्यंकटरावांनी लेकीला फोन लावला. न सांगता करायचं म्हणून तर ते आले होते, पण ते त्यांच्यानं होईना. सगळं सांगितलं, माईक सांगितला, जिलबी सांगितली, रिंगरोडही सांगितला. पलीकडं विशाखा आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "बाबा, एक सांगा. एसटीचं लॉक काढून देतो म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं का तुम्हाला?"

"लई भेटले."

"मग का न्हाई काढलं?"

"बाई, मागं गाडीभर माणसं बसलेली असायची," व्यंकटराव म्हणाले आणि बोलता बोलता थांबले.

विशाखा म्हणाली, "गाडी तुमची हाय बाबा. तुम्हाला वाटंल ते करा. मी रागावणार न्हाई."

रागावते म्हणाली असती तर सोपं झालं असतं. व्यंकटरावांनी बाहेर उभ्या गाडीच्या रिकाम्या सीटांकडं पुन्हा एकदा पाहिलं. उद्या असं ताणलेलं इंजिन चढावर बंद पडलं तर भीमाकाकू कडेवरचं नातवंड घेऊन कुठं उतरतील, हा विचार त्यांच्या ड्रायव्हरच्या डोक्यातून काही केल्या जाईना. "राहू दे पोरा," ते म्हणाले. "जशी हाय तशी असू दे." उमाशंकरनं चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. व्यंकटराव परतीला लागले, पण मन खट्टू झालं होतं. लग्नाला आपणच शेवटचे, हे आता ठरल्यासारखंच होतं.

पार्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकांनाच सुचतो तसा तोडगा काढला. "मंग लग्नाला रिकामी न्या. आम्ही समद्या टेम्पोत बसतो." व्यंकटरावांना हे पटलं. एक दिवस तर एक दिवस!

लग्नाच्या सकाळी कंधारला वऱ्हाड जमलं. टेम्पो आला होता, सतरंजी टाकून तयार होता. पण बायका टेम्पोकडं बघेनात. भीमाकाकूंनी पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, तसं व्यंकटराव पुढं झाले. आज न्हाई काकू, असं म्हणायचं त्यांनी रात्रीपासून घोकलं होतं. तोंडातून निघालं, "सावकाश. डोकं सांभाळा." झालं! बघता बघता गाडी भरली. धपाट्यांचा डबा आला, दह्याचा गडू आला, दोन लेकरं आली. पार्वतीबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

ग्यानोबारावांनी रस्त्यात उभं राहून सगळ्या ड्रायव्हरांना बजावलं, "नवरदेवाची गाडी म्होरं. तिच्याम्होरं कुणी जायचं न्हाई!" मग व्यंकटरावांकडं बघून मिशीत हसले. "तुमाला सांगायची गरज न्हाई म्हणा." काळी गाडी भुर्रकन निघाली.

चढावर व्हायचं तेच झालं. सगळ्या गाड्या दिसेनाशा झाल्या आणि पांढरी एकटीच कण्हत राहिली. पण आत कुणाला त्याचं सुतक नव्हतं. बायकांनी लग्नाची गाणी धरली होती. माथ्यावर पोचले तर सगळं वऱ्हाड फोटोसाठी थांबलेलं. कोट घालून, घामाघूम झालेला धम्मदीप काळ्या गाडीला टेकून उभा होता. गाणी ऐकून तो पांढऱ्या गाडीपाशी आला आणि त्याला धपाट्यांचा वास लागला.

"मामा, जरा जागा द्या की. सकाळपासून पोटात काय बी न्हाई. तिकडं नुसता एसी हाय अन् कॅमेरावाला."

भीमाकाकूंनी जागा केली, मांडीवर रुमाल पसरला आणि नवरदेवाच्या हातावर धपाटं ठेवलं. ग्यानोबाराव धावत आले. "अरे उतर! सूट चुरगळंल!"

"मी ह्याच गाडीत येणार," धम्मदीप भरल्या तोंडानं म्हणाला.

आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. नवरदेवाच्या गाडीच्या पुढं कुणी जायचं नव्हतं! व्यंकटरावांनी घसा साफ केला, आरसा नीट केला आणि गाडी सगळ्यांच्या पुढं काढली. लातूरपर्यंत पांढरी पुढं आणि अख्खं वऱ्हाड तिच्यामागं, पुढच्या चढावर तर पार पहिल्या गिअरवर. काळी गाडी मागून हॉर्न देत होती. व्यंकटराव खिडकीतून हात काढून सबूर, सबूर करत होते. मांडवाच्या दारात वाजंत्री ज्या गाडीपुढं वाजली, ती त्यांची होती. व्यंकटराव उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

संध्याकाळी परतताना काळ्या गाडीत नवरा-नवरी, करवल्या आणि नव्या सुनेच्या बॅगा बसल्या. ग्यानोबारावांना जागा उरली नाही. ते पांढऱ्या गाडीपाशी येऊन घुटमळले. व्यंकटरावांनी मागचं दार उघडलं. ग्यानोबाराव दोन लेकरांच्या मधे, गुडघे छातीशी घेऊन बसले. गाणी सुरू झाली. चढ आला आणि गाडी कण्हायला लागली.

"व्याही, जरा दाबा की!" ग्यानोबाराव मागून ओरडले.

"दाबलंच हाय. उतरता का?"

"न्हाई, न्हाई," ग्यानोबाराव घाईघाईनं म्हणाले आणि शेजारच्या लेकराला मांडीवर घेतलं. "चालू द्या सावकाश."