फितीच्या घडीतला रंग

प्रा. दत्तात्रय चिलवेरी सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला 'सरांचा शिष्य' म्हणून लिहायला सांगितले. शिष्य मी उशिराचा. पहिल्या भेटीत तर मी सरांच्या दारातून रागाने बाहेर पडलो होतो. ती भेट सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

आमचे गाव मंद्रूप. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर ब्रह्मदेशात होते. परत येताना त्यांनी एक जपानी पदक आणले. एका जपानी अधिकाऱ्याला समोरासमोर लोळवून त्याच्या छातीवरून ते काढले, असे आमच्या घरात सांगत. आजोबांमागे ते वडिलांकडे आले. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला वडील ते कोटावर लावून मिरवणुकीच्या पुढे चालत. ज्या गावाने आम्हाला कधी सरळ नावाने हाक मारली नव्हती, ते गाव त्या दिवशी वडिलांना 'लढवय्याचा मुलगा' म्हणून वाट देई. त्यांची एकच इच्छा होती. पदक कसले आहे ते कुणा जाणकाराने कागदावर लिहून द्यावे, म्हणजे ते चौकटीत घालून भिंतीवर लावता येईल.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याने सरांचे नाव सांगितले. सर वस्त्रतंत्राच्या संस्थेत रंगाई शिकवत. मोहोळच्या एका निवृत्त सैनिकाने जपानी पदकाच्या फितीचा रंग जुळवून मागितला, तिथून त्यांना या पदकांचा नाद लागला, तो सुटला नाही. एकच पदक कुठल्या सम्राटाच्या काळात कसे बदलत गेले, धातू कोणता, वरचे मीनाकाम कसे, डबीवरची अक्षरे कशी, यावरून ते त्याचा काळ ठरवत. फितीच्या बाबतीत तर घराण्यातच हातमाग, तेव्हा विचारायलाच नको.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी मी वडिलांना घेऊन गेलो. पदकाच्या मागे जपानी अक्षरांत साल होते. ते मी मोबाइलवर शोधून ठेवले होते. शंभर वर्षांहून जुने निघाल्याने मी जरा फुशारलोही होतो. सरांनी पदक तळहातावर तोलले आणि मान हलवली.

"हे साल पदक सुरू झालं तेव्हाचं. पुढं कितीतरी वर्षं तेच छापत राहिले. आधी चांदीचं करायचे, हे ॲल्युमिनियम आहे. लढाईच्या शेवटी शेवटी चांदी मिळेना, तेव्हाचं. जखमींची शुश्रूषा करणारी संस्था होती, तिच्या सभासदाचं."

मग त्यांनी फीत उजेडाकडे धरली. ती सरळ पट्टीसारखी शिवलेली होती. रंग उडाला होता, पण मध्येच एक आडवा गडद पट्टा होता.

"इथं घडी होती. घडीतला रंग उडत नाही. ही फीत फुलासारखी गाठ मारून बांधलेली होती, नंतर कुणीतरी सोडून सरळ शिवली. पुरुष सरळ फीत लावायचे. गाठीची फीत बायकांची."

वडिलांनी पुढे वाकून त्या पट्ट्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मंजी बाईचं हाय व्हय हे?"

"हो, मामा."

"मग माज्या बापानं बाई मारली का वो, सर?"

सरांनी फितीच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "ते मला सांगता येणार नाही," म्हणाले.

"मग कागदावर अधिकाऱ्याचं म्हनून लिवा की. हितं कुनाला काय कळतंय?"

"मला कळतं ना, मामा."

कागद मिळाला नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा मान राखायला दोन ओळी खरडल्या असत्या तर काय बिघडले असते, असे म्हणत मी तरातरा खाली उतरलो. पदक वडिलांनी पुन्हा कधी लावले नाही. पुढच्या जयंतीला ते मिरवणुकीच्या शेवटी चालले. आजोबांची तसबीर जिथे होती त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागले. हे सारे सरांमुळे झाले, असे मी धरून चाललो. खरे सांगायचे तर त्यातले थोडे अजून मनात आहे.

पण सर मंद्रूपला येऊ लागले. बाजाराच्या दिवशी यायचे, पिशवीत पेरू असायचे. वडिलांजवळ ओट्यावर बसायचे, ज्वारीचे, उन्हाचे बोलायचे. पदकाचा विषय कधी काढला नाही. वडील फारसे बोलत नसत, तरी सर येतच राहिले.

सर किती काटेकोर, याचा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. शहरातल्या एका प्रदर्शनात त्यांचे 'उगवत्या सूर्याच्या सन्माना'तले सर्वांत खालच्या वर्गाचे पदक मांडले होते. संयोजकांनी खाली लिहिले, 'जपानी सेनापतीचे पदक'. सर म्हणाले, हे साध्या शिपायाचे आहे. संयोजक म्हणाले, "राहू द्या की सर, तेवढंच लोक बघतील." सरांनी पदक डबीत घातले, डबी खिशात घातली आणि चहासुद्धा न घेता घरी गेले.

वडील शेवटचे आजारी पडले तेव्हा त्यांना सोलापुरात दवाखान्यात ठेवले होते. सर रोज यायचे. एके दिवशी वडिलांनी मला पदक आणायला लावले आणि सरांच्या हातात दिले. "ती कशी मेली असंल वो, सर?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, फीत डोळ्यांजवळ नेली. तेव्हा त्यांची नजर अशी होती की नुसत्या डोळ्यांनी ते फितीचे धागे मोजत.

"मामा, त्या दिवशी मी नीट बघितलं नव्हतं. फीत ओढलेली नाही. पीन सावकाश सोडवून काढलीय. हातानं दिलंय कुणीतरी."

"दिलंय?"

"दिलंय."

"खरं?"

"पदकाबद्दल मी कधी खोटं बोललोय का?"

"न्हाई की," वडील म्हणाले आणि हसले. मी त्यांना कितीतरी दिवसांनी हसताना पाहिले. दोन दिवसांनी ते गेले.

त्यानंतर मी सरांकडे शिकायला जाऊ लागलो. फीत कशी वाचायची, शिवण मूळची की मागाहूनची, हे त्यांनी हाताला धरून शिकवले. माझ्या ढिसाळपणावर ते चिडत, आणि काकू, सरांच्या पत्नी, आतून तेलुगूत त्यांनाच रागवत. आता सरांच्या डोळ्यांपुढे काळा डाग आला आहे. डॉक्टरांनी हात टेकले. सर पदक बोटांनी चाचपतात आणि मी दिसेल ते सांगतो.

गेल्या वर्षी घरी सराव म्हणून मी आमचेच पदक भिंगाखाली घेतले. फितीच्या मागे, पिनेच्या जागी, कापड टरकन फाटलेले आहे. ओढून फाटलेले. ती फाट बारीक दोऱ्याने रफू केली आहे, आमच्याकडच्या कच्च्या सुती दोऱ्याने. सरांचा अंगठा पहिल्याच दिवशी तिथे दोनदा फिरला होता.

या ग्रंथात बऱ्याच जणांनी लिहिले असेल की सर कधी खोटे बोलले नाहीत. मला तसे लिहिता येत नाही. सर एकदा बोलले, माझ्या वडिलांसाठी. ज्या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्यभर तडजोड केली नाही, तीच त्यांनी दवाखान्यातल्या त्या खाटेवर खर्ची घातली, आणि ते ओझे एकट्याने वाहिले. मला कळले आहे, हे मी त्यांना सांगितलेले नाही. हा लेख त्यांना मीच वाचून दाखवणार आहे, तेव्हा कळेल.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ही इच्छा स्वार्थाची आहे. ती फाट पाहिलेले आम्ही दोघेच आहोत, आणि मला तिच्याकडे एकट्याने बघवत नाही.