बाइंडरकाकांची पुठ्ठी

३१ मार्च रोजी मी बाइंडरकाकांचे शेवटचे बिल पास केले. एकोणीस रजिस्टरे, दर सव्वादोनशे, एकूण चार हजार दोनशे पंच्याहत्तर रुपये. आमच्या कार्यालयाचे दप्तर ते तेवीस वर्षे बांधत होते आणि त्यांच्या बिलात मला एकदाही बेरजेची चूक सापडली नाही. चूक सापडली ती आमचीच. एकदा भर दुपारी ते जिना चढून माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, तीनशे बारा नंबरचं व्हाउचर नाही. ते आल्याशिवाय मी शिवणार नाही."

"अहो बाइंडर, तुम्हाला काय फरक पडतो?"

"एकदा शिवलं की कुणी मोजत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

व्हाउचर माझ्याच ड्रॉवरमध्ये निघाले. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो.

त्यांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पुठ्ठ्यांच्या चळती, दुसरीकडे कागद कापायचे यंत्र, मध्ये शिवणाचा पाट, आणि स्टोव्हवर पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचे भांडे. अकरा वर्षांपूर्वी एक मांजरीचे पिल्लू पुठ्ठ्यांमागे सापडले. रंग अगदी पुठ्ठ्याचा, म्हणून नाव पुठ्ठी. बायको गेल्यावर काका दिवसभरात जे काही बोलत ते पुठ्ठीशीच. मी रजिस्टर घेऊन गेलो की आधी तिला सांगायचे, "ऊठ गं, ऑफिसवाले आलेत."

मग हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. दुकान विकून ते लेकीकडे राहायला गेले. लेक शाळेत शिकवते. दोन खोल्यांचे घर, दुसरा मजला. काकांनी दुकानातली एकच गोष्ट सोबत नेली. ती टोपलीत बसून गेली.

जूनमध्ये मी सहज भेटायला गेलो तर लेक फरशी पुसत होती आणि काका खिडकीपाशी बसले होते.

"या काका, नाक धरूनच या," लेक मला म्हणाली. "सहा आठवडे झाले. पायपुसण्यावर नाही, गादीवर नाही. पुठ्ठीला मुतायला फक्त कागद दिसतो. परवा बेचाळीस उत्तरपत्रिका भिजवल्या. मी एकेक इस्त्रीनं वाळवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'बाई, मुलांनी पेपर लिहिलेत की आंघोळ घातलीय?' सगळ्या स्टाफरूमसमोर!"

कोपऱ्यात निळा ट्रे होता. त्यात मांजरांसाठी मिळणारी महागडी वाळू, वर एक ओरखडासुद्धा नाही. ट्रेभोवती लेकीने वर्तमानपत्रे अंथरली होती, म्हणजे फरशी तरी वाचावी. त्यातली दोन ओली होती.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं ना. लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं. खडा नाही, काही नाही. म्हणाले, तुमच्या वडिलांपेक्षा ठणठणीत आहे. वाळू बदलून बघा, जागा बदलून बघा. तीन प्रकारच्या वाळू झाल्या. आता हात टेकले. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या दिरांचं धान्याचं गोदाम आहे. रविवारी येतात हिला न्यायला."

काका म्हणाले, "लेकीचं बरोबर आहे, साहेब. तिची नोकरी आहे." आणि मग, "फक्त पुठ्ठीनं आयुष्यात उंदीर पाहिलेला नाही. गोदामवाल्यांना तेवढं आधीच सांगायला हवं."

लेक फडके पिळायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. काकांच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. तीत पुठ्ठीची वाटी धुऊन, पुसून ठेवलेली. तो दिवस मंगळवार होता.

गुरुवारी आमच्या कार्यालयात रद्दीवाला आला. तोच पूर्वी काकांच्या दुकानातली कातरण, म्हणजे कापलेल्या कागदाच्या पट्ट्या, उचलायचा. वजन करता करता त्याने विचारले, "बाइंडर कसे आहेत?" मी सगळे सांगितले. तो तराजू धरून हसायलाच लागला.

"साहेब, ती मांजरबाई नवीन काय करतेय? मशीनखाली खोकं असायचं ना कातरणीचं? अकरा वर्षं तिथंच उरकायची. मी दर खेपेला वजनातून दोन किलो मांजरीचे कापायचो."

"काकांना माहीत होतं?"

"त्यांना वास कुठला येतोय? सरसानं नाक केव्हाच गेलंय. एकदा म्हटलं, माल ओला आहे. तर म्हणाले, पावसाळी हवा आहे. मे महिना होता! मग मी नाद सोडला."

मी संध्याकाळी थेट लेकीच्या घरी गेलो. ऐकून काकांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या दुकानात वास यायचा? तुम्हाला यायचा?"

"यायचा. मी सरसाचा समजत होतो."

"मला वाटायचं ती मागच्या दारानं बाहेर जाते. मी रोज तिच्यासाठी दार किलकिलं ठेवायचो." ते पुठ्ठीकडे पाहत राहिले. "एवढं दार उघडं ठेवलं, आणि ही आत."

लेकीने ट्रेभोवतीच्या वर्तमानपत्रांकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच रोज हिला जागा करून देत होते! जितकं मुतली तितके कागद वाढवले!"

शुक्रवारी मी रद्दीवाल्याकडून एक पोते कातरण आणली, कोरडी, एका छापखान्यातली. लेकीने फरशीवरचा कागदन् कागद उचलला, उत्तरपत्रिका कपाटात कुलपात ठेवल्या, डागांच्या जागा वास जाईपर्यंत धुऊन काढल्या. ट्रेमधली वाळू काढून काकांनी कातरण भरली. भरताना त्यांचे हात नेहमीसारखे थरथरत होते, पण पट्ट्या बोटांवर घेऊन त्यांनी आधी जाड-बारीक पारखल्या आणि जाड, चकचकीत काढून टाकल्या. "हिला चकचकीत कागद नको. मऊ लागतो."

पुठ्ठी आली, हुंगली आणि पलंगाखाली जाऊन बसली. रात्रीपर्यंत काही नाही. गोदामवाले रविवारी सकाळी दहाला येणार होते.

शनिवारी दुपारी कार्यालयात लेकीचा फोन आला.

"काका, गेली. ट्रेमध्ये. उकरलं, दोनदा गोल फिरली, बसली. बाबा शेजारी उभे राहून तिला शाबासकी देतायत. तिनं वैतागून त्यांच्याकडे पाठ केली."

"आणि गोदामवाले?"

"त्यांना कळवलं. म्हटलं, मांजराला उंदरांचा अनुभव नाही."

मागून काकांचा आवाज आला, "अनुभव नाही म्हणू नकोस, आवड नाही म्हण."

त्यानंतर दर आठवड्याला काका कातरणीत मूठभर वाळू मिसळतात. आठ आठवडे झाले, आता निम्मी वाळू झाली आहे. मध्ये एकदाच चूक झाली, तीही मी खुर्चीवर विसरलेल्या वर्तमानपत्रावर. लेक मला म्हणाली, "यात तिचा दोष नाही, काका." काका आता तिच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका नंबरवारी लावून देतात. एखादी कमी असली की तिला शाळेत जाऊ देत नाहीत.

पुठ्ठी दुपारी त्यांच्या मांडीवर झोपते. काकांना तिचा वास येत नाही. ते तिचे कान वाकून हुंगतात आणि मला सांगतात, "आता स्वच्छ राहते हो."

रद्दीवाल्याला दुसऱ्या पोत्याचे बत्तीस रुपये मी अजून दिलेले नाहीत.